कुपवाडची बोली : कच्चा माल कोणाचा?

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्राने मराठीला अभिजात दर्जा दिला आणि सत्कारसमारंभांना ऊत आला. प्राचीन वारशाचा गौरव अवश्य व्हावा. परंतु कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून पाळी संपवून बाहेर पडणारा कामगार आज जी मराठी बोलतो, तिचे शास्त्र कोण करणार? कानडीच्या शेजारात मुरलेली ती बोली, ध्वनिमुद्रण आणि व्याकरणिक नोंदी झाल्यावाचून कोणत्याही यंत्राला नीट उमगणार नाही.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजने राज्य मराठी विकास संस्थेच्या साह्याने बोलींचे सर्वेक्षण केले, मुंबईच्या आय.आय.टी.ने शब्दांचे अर्थसंबंध जोडणारा ‘शब्दबंध’ उभारला. ही कामे मोलाचीच. मात्र बहुतेक विद्यापीठांत भाषाविज्ञान म्हणजे मराठी विभागातील एखादी प्रश्नपत्रिका. संगणकशास्त्राचा विभाग शेजारच्या इमारतीत असूनही परकाच!

ही पोकळी परदेशी कंपन्या भरतात. येथले बोलणे कच्चा माल म्हणून जाते, तयार यंत्र विकत परत येते. दादाभाई नौरोजींनी 1901 च्या ग्रंथात मांडलेल्या लुटीच्या हिशेबाहून हे निराळे कसे? शिवाय प्रमाणभाषा न बोलणारा यंत्रापुढे अडाणी ठरतो, तो वेगळाच.

बाजार हे काम करील, असे सांगणाऱ्यांनी बाजार गिऱ्हाइकाच्या ऐपतीमागे धावतो हे विसरू नये. सांगली जिल्हा शिवाजी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात आहे. विद्यापीठाने सार्वजनिक पैशातून कुपवाडात बोलीसंग्रह उभारावा, बोलणाऱ्यांची संमती घेऊन त्यांना मोबदला द्यावा आणि तो संग्रह कोणत्याही कंपनीला फुकट देऊ नये.