शास्त्र घोकावें कीं तपासावें?

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, आज आम्ही आमचीच एक चूक आपणांपुढें मांडीत आहों. हवेंत सुमारें पांचवा हिस्सा प्राणवायु असतो, हें आम्ही खेड्यांतील शाळेंत वीस वर्षें शिकवीत आलों. पुराव्यादाखल ताटलींत पाणी ओतून, मध्यें जळती मेणबत्ती ठेवून, तिजवर कांचेचा पेला पालथा घालीत असूं. मेणबत्ती विझे, पाणी पेल्यांत चढे, आणि आम्ही म्हणत असूं, "पाहा, प्राणवायु संपला, त्याची जागा पाण्यानें घेतली." मुलें माना डोलवीत, आणि धडा पुढें सरके.

परवां लोहाराच्या एका मुलीनें त्याच पेल्याखालीं तीन मेणबत्त्या ठेविल्या. पाणी पुष्कळच वर चढलें. ती म्हणाली, "गुरुजी, पेला तोच अन् हवा तेवढीच, मग प्राणवायु वाढला कुठनं?" आमच्याजवळ उत्तर नव्हतें. "पुस्तकांत असेंच आहे, खालीं बस," हे शब्द ओठांवर आले होते. कारण लहानपणीं आम्हांलाही असेंच गप्प बसविलें होतें. ते शब्द आम्हीं गिळले.

मग सर्व वर्गानें नीट निरखून पाहिलें. मेणबत्ती जळत असतां पाणी फारसें चढत नाहीं. ज्योत विझल्यावर तें झपाट्यानें चढतें. पेला ठेवतांना कडेखालून बुडबुडेही निघतात. म्हणजे ज्योतीनें तापून फुगलेली हवा बाहेर जाते, व उरलेली थंड होऊन आकसली कीं पाणी आंत शिरतें. तीन मेणबत्त्यांची आंच जास्त, म्हणून पाणीही जास्त. शिवाय सगळा प्राणवायु संपण्यापूर्वींच ज्योत विझते. आमचें विधान खरें होतें, पण साक्षीदार खोटा होता!

खरा साक्षीदार त्या मुलीच्याच घरीं होता. तिनें बापाच्या कानशीखालीं पडलेला लोखंडाचा कीस आणला. तो ओल्या पेल्यास आंतून चिकटवून पेला पाण्यांत पालथा ठेवला. येथें आग नाहीं, धग नाहीं. कीस तांबूस होत गेला, पाणी हळूहळू चढलें, आणि कांहीं दिवसांनीं सुमारें पांचव्या हिश्शावर येऊन थांबलें. दुसऱ्या पेल्यांत दुप्पट कीस घातला. तेथेंही पाणी तितक्यावरच थांबलें. हवेंत प्राणवायु शेंकडा 21 व नत्रवायु शेंकडा 78. त्यांपैकीं लोखंडानें प्राणवायु तेवढा घेतला. गंज लोखंडास खातो असें आपण म्हणतों. वास्तविक लोखंडच प्राणवायु खातें. म्हणून गंजलेला कीस वाळवून तोलला तर मूळच्याहून जड भरतो.

मोठ्यांच्याही चुका अशाच तपासानें सुधारल्या. फ्रान्समधील लाव्हाझिए यांनीं 1789 सालीं 33 मूलद्रव्यांची यादी छापली. तींत प्रकाश, उष्णता आणि आपल्या भट्टींतला चुनाही होता! 1808 सालीं इंग्लंडांत डेव्ही यांनीं विजेच्या साह्यानें चुन्यांतून कॅल्शियम धातु वेगळा काढला, आणि चुना यादींतून गळाला. त्याच डेव्ही यांच्या हाताखालीं पुढें तयार झालेला मायकेल फॅरडे हा लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीची उमेदवारी केलेला. 1860 च्या नाताळांत त्यानें लंडनमध्यें मुलांपुढें एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्यानें सुरू केलीं. ऐरण आणि शास्त्र यांचें वैर नाहीं, हें यावरून दिसतें.

म्हणून आमची आपणांस विनंति आहे. पोर कीस, चुना, राख घेऊन शाळेंत निघालें तर त्यास दटावूं नका. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेस अवश्य जा. "पोराला गुण किती?" एवढ्यावर न थांबतां, "या महिन्यांत त्यानें स्वतः काय करून पाहिलें?" असें विचारा. उत्तर मिळेपर्यंत उठूं नका. मास्तरांस राग येईल अशी भीति बाळगूं नका. ज्या मास्तरास आपली चूक पोरीपुढें कबूल करितां येत नाहीं, त्यास शास्त्र शिकवितां येत नाहीं. हें आम्ही स्वानुभवानें सांगत आहों.