गिनी फाऊल पालन : जोडधंदा की नवे जाळे ?

कापडाच्या बाजारात मंदी आली, मागांची खटखट थांबली की मालेगाव-भिवंडीपासून इचलकरंजीपर्यंत एकच प्रश्न कानी येतो : दुसरे काय करावे ? ज्यांचे गावाकडे वडिलोपार्जित घर आहे, लागून एक-दोन एकर जमीन आहे, अशा बांधवांना पक्षीपालन सुचते. कोंबडी झाली, बटेर झाले. आता गिनी फाऊलची चौकशी होते. पक्षी चांगला आहे. पण तो कोणत्या हिशेबात चांगला आणि कोणत्या हिशेबात घातक, हे समजून न घेता पैसा घालणे म्हणजे नमुना न पाहता गाठी उचलण्यासारखे आहे.

गिनी फाऊल मूळचा आफ्रिकेतला. आपल्या देशात काही भागांत त्याला तितरी किंवा चित्रा म्हणतात, त्यामुळे रानातल्या तितराशी गल्लत होते. रानातला तितर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे. त्याची शिकार व विक्री गुन्हा आहे. गिनी फाऊल मात्र पाळीव पक्षी आहे. दाणे, पाला व किडे टिपून जगतो, पंजाने शिकार करीत नाही. म्हणून जबीहा करून खाण्यास हलाल आहे. बरेलीजवळ इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने याच्या कादंबरी, चितांबरी व श्वेतांबरी अशा जाती तयार केल्या आहेत.

आता व्यापाऱ्याच्या नजरेने पाहू. ब्रॉयलर कोंबडी सुमारे ६ आठवड्यांत २ किलोच्या आसपास जाते. गिनी फाऊल १२ आठवड्यांत जेमतेम १ किलो भरते. मादी सात-आठ महिन्यांची झाल्यावर अंड्यावर येते आणि मुख्यतः मार्च ते सप्टेंबर या हंगामात सुधारित जातीची मादी १०० ते १२० अंडी देते. म्हणजे सर्व खाद्य विकत आणून पिंजऱ्यात वाढविली तर ती ब्रॉयलरपुढे कधीच टिकणार नाही. दुप्पट दिवस आणि निम्मे वजन, हा सौदा कोणता शहाणा माणूस करील ?

तिची कमाई वेगळ्या ठिकाणी आहे. मळ्यात मोकळी सोडली तर टोळ, वाळवी, गोचीड, गवताचे बी असे बरेचसे खाद्य ती स्वतः शोधते. साधे छप्पर तिला पुरते. अंड्याचे कवच जाड असल्याने फूट कमी होते व अंडे जास्त दिवस टिकते. अनोळखी माणूस, कुत्रा किंवा साप दिसला की थवाच्या थवा ओरडून घर जागे करतो. खाद्याचा खर्च वाचला तरच नफा, हे या धंद्याचे सूत्र आहे.

कष्ट पिलांचे आहेत. अंडे उबायला २६ ते २८ दिवस लागतात. गिनी मादी आई म्हणून निष्काळजी असते. दवाने भिजलेल्या गवतातून पिले फिरवते आणि ती गारठून मरतात. म्हणून अंडी देशी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत. पिलांना पहिले काही आठवडे कोरडी जागा व ऊब लागते. पाण्याच्या ताटलीत खडे घालावेत, नाहीतर पिले त्यातच बुडतात. मोठा पक्षी काटक असतो, पण त्याला रोग होतच नाही, असे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. फेब्रुवारी २००६ मध्ये नवापुरात बर्ड फ्लूमुळे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. हा रोग गिनी फाऊललाही होतो. लसीबाबत तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारावे.

खरा धोका मात्र रोगाचा नाही, लालचीचा आहे. २०१२ मध्ये तामिळनाडूत इमू पालनाच्या योजना कोसळल्या. २०१९ मध्ये आपल्या राज्यात सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथ कोंबडीच्या नावाने तेच घडले. पद्धत एकच : अनामत घ्यायची, पिले महाग विकायची, "माल आम्हीच परत घेऊ" असे लिहून द्यायचे. जुन्यांचे पैसे नव्यांच्या अनामतीतून भागवायचे आणि नवे येणे थांबले की कुलूप लावायचे. लोकांनी बायकोचे दागिने मोडून यात पैसे घातले होते. उद्या गिनी फाऊलच्या नावाने कोणी असाच कागद पुढे केला, तर एकच प्रश्न विचारा : शेवटी हा पक्षी खाणारा कोण ? कापड एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहिले आणि शिंप्यापर्यंत पोचलेच नाही, तर ती तेजी खोटी असते, हे आपल्याला सांगायला नको.

दुसरी गोष्ट दीनची. रक्कम ठेवा, दरमहा ठरलेले पैसे घ्या, नुकसानीशी तुमचा संबंध नाही, असा करार म्हणजे व्यापाराचे कपडे घातलेला सूदच. मुदारबतमध्ये नफ्याचा हिस्सा ठरतो, नफ्याची रक्कम ठरत नाही. पक्षी मेला तरी पैसे मिळणार असतील तर ते कुठून मिळणार, याचा विचार करावा.

आणखी दोन सूचना. मोहल्ल्यातल्या गच्चीवर हा पक्षी पाळू नये. त्याचा आवाज कर्कश असतो आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्यावर मोठा आहे. दुसरे, गावाकडे ही निगा बहुधा घरातील स्त्रीच राखील. मग अंड्यांचा पैसा तिच्याच हाती राहू द्या. तिच्या कमाईवर तिचा हक्क शरीअतने दिला आहे.

म्हणून माझे मत असे की, ज्याच्याकडे मळा आहे त्याने वीस-पंचवीस पक्ष्यांपासून जरूर सुरुवात करावी. कर्ज काढू नये. वहीत खर्च व विक्री लिहीत एक पावसाळा, एक हिवाळा जाऊ द्यावा. जवळच्या आठवडी बाजारात, हॉटेलात गिऱ्हाईक पक्के झाले, तरच पुढे वाढवावे. थोड्या पण हलाल रोजीत बरकत आहे. मागाला पुन्हा दिवस येतील तेव्हा हा जोडधंदा ओझे न होता आधार ठरेल, इन्शाअल्लाह.