बेचाळीस दिवसांची सोबत

मिरजेला आरोग्यपंढरी म्हणण्याची आपल्याकडे जुनी प्रथा आहे. डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उघडले, १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, आणि आज जत-आटपाडीपासून थेट सीमेपलीकडच्या कर्नाटकातील गावांपर्यंतचा रुग्ण मिरज-सांगलीची वाट धरतो. सातारकरांना कराड जवळचे. खुब्याचे मोडलेले हाड बसवणे किंवा अर्धांगवायूच्या रुग्णाचा जीव वाचवणे ही आता नवलाई उरलेली नाही. शासकीय योजनांमुळे हे उपचार गरिबाच्याही पुष्कळसे आवाक्यात आले आहेत. खरा प्रश्न सुरू होतो तो रुग्णाला घरी सोडल्यानंतर.

खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धेला डॉक्टर बजावतात: उकिडवे बसू नका, मांडी घालू नका, रोज थोडे चालत जा. सल्ला योग्यच आहे. परंतु पाटण किंवा जावळी तालुक्यातील एखाद्या घरात संडास परसात असतो, आणि तोही उकिडवे बसण्याचा. मोरीला उंबरा, अंथरूण जमिनीवर, कर्ता मुलगा मुंबईत माथाडी. घरी राहते ती सून. तिलाही मजुरी चुकत नाही. मग सोय म्हणून म्हातारीला एका जागी निजवून ठेवले जाते. हाड जुळते, पण पायातले बळ जाते. सांधे आखडतात, पाठीला जखमा होतात. शस्त्रक्रिया यशस्वी आणि रुग्ण कायमचा परावलंबी, असा हा विचित्र हिशेब आहे. २०१८ मध्ये सुरू झालेली प्रधानमंत्री जनआरोग्य योजना घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा औषधोपचार पाहते. पण औषधाची गोळी कोणाला मोरीपर्यंत चालवत नेत नाही.

इंग्लंडमध्ये यासाठी एक स्वतंत्र सेवा आहे. तिला ‘रीएबलमेंट’, म्हणजे माणसाला पुन्हा समर्थ करणे, असे म्हणतात. रुग्ण घरी आला की प्रशिक्षित कार्यकर्ता काही आठवडे त्याच्या घरी येतो. तो रुग्णाला आंघोळ घालत नाही, तर रुग्णाने स्वतः आंघोळ कशी करावी ते त्याच्याकडून करवून घेतो. सहा आठवड्यांपर्यंत ही सेवा विनामूल्य असते. डेन्मार्कने तर २०१५ पासून नगरपालिकांवर कायद्यानेच बंधन घातले आहे की, कायमचा मदतनीस देण्यापूर्वी हा माणूस पुन्हा स्वतःचे स्वतः करू शकेल काय, हे आधी पाहावे.

‘आमच्याकडे कुटुंब आहे, हे पाश्चात्त्यांचे सोंग कशाला?’ असा आक्षेप येथे हमखास येईल. कुटुंब आहे हे खरेच. पण अडचण नेमकी तेथेच आहे. आपल्या सेवेच्या कल्पनेत आजाऱ्याने बोटही हलवायचे नसते. त्याला भरवायचे, उचलायचे, ‘तू पडून राहा’ म्हणायचे. जी सून सासऱ्याला उजव्या हाताने घास घ्यायला लावते, भिंत धरून चार पावले चालायला लावते, ती शेजारणींच्या दृष्टीने निष्ठुर ठरते. अर्धांगवायूनंतरचे पहिले आठवडे आणि महिनेच गेलेली हालचाल परत मिळवण्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे असतात. ते आपण मायेपोटी वाया घालवतो. बाहेरच्या जाणत्या माणसाने येऊन ‘त्यांना करू द्या’ असे सांगितले, तर सुनेवरचा बोल टळतो. हा लाभ लहान नव्हे.

पैसे मोजून माणूस ठेवणाऱ्यांची गोष्ट वेगळी. सांगली-साताऱ्यात बारा तासांच्या पाळीने मावशी मिळतात. त्यांच्या कष्टांविषयी आदर बाळगूनही एक आर्थिक सत्य सांगितले पाहिजे. ज्याला रोजाने पैसे मिळतात, त्याचे हित काम चालू राहण्यात असते. रुग्ण चालू लागला की मावशीचा रोज संपतो. मुदत आधीच ठरलेली असेल आणि रुग्ण स्वतःचा स्वतः वावरू लागणे हेच कामाचे माप असेल, तर हितसंबंधांची दिशा आपोआप बदलते.

खर्चाचे काय? पहिल्या आठवड्यात रोज, पुढचे दोन आठवडे एक दिवसाआड आणि नंतरचे तीन आठवडे आठवड्यातून दोनदा असे धरले, तर सुमारे वीस भेटी होतात. भेटीला तीनशे रुपये धरले तरी सहा हजार रुपये. उलट सुनेचे तीनशे रुपयांचे शंभर रोज बुडाले, तर तीस हजार गेले. ते कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाहीत. २०१९ च्या राष्ट्रीय कालवापर पाहणीत घरची बिनमोल कामे करणाऱ्या स्त्रियांचा त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे आणि अशा पुरुषांचा ९७ मिनिटे वेळ जात असल्याचे आढळले. आपल्या आरोग्यव्यवस्थेची काटकसर बऱ्याच अंशी या मिनिटांवर उभी आहे.

घरी जाऊन सेवा देणे आपल्याला अपरिचितही नाही. गडचिरोलीत डॉ. अभय व राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने खेड्यातील स्त्रियांना शिकवून नवजात बालकांची घरीच काळजी घेता येते हे दाखवले. १९९९ मध्ये ते निष्कर्ष ‘लॅन्सेट’मध्ये आले, आणि २०११ पासून देशभर आशा कार्यकर्ती बाळंतिणीच्या घरी बेचाळिसाव्या दिवसापर्यंत ठरलेल्या भेटी देऊ लागली. बेचाळीस दिवस म्हणजे बरोबर सहा आठवडे. केरळने २००८ च्या धोरणानुसार पंचायतींमार्फत दुर्धर रुग्णांच्या घरी परिचारिका पाठवल्या. जन्मणाऱ्यासाठी आणि जाणाऱ्यासाठी आपण घराचा उंबरा ओलांडला. बरा होऊ शकणारा तेवढा मधल्या मध्ये राहिला.

मात्र हे कामही आशांच्याच गळ्यात घालू नये. २०२१ आणि २०२३ मध्ये त्यांना मोबदल्यासाठी संप करावा लागला, यातच काय ते आले. तालुक्याला एक भौतिकोपचारतज्ज्ञ आणि त्याच्या हाताखाली गावोगावच्या काही प्रशिक्षित, रीतसर वेतन मिळणाऱ्या स्त्रिया, एवढ्यावर आरंभ करता येईल. दोन्ही जिल्हा परिषदांनी पाटण आणि जत असे दोन तालुके घेऊन वर्षभर प्रयोग करून पाहावा. एक डोंगरी, दुसरा दुष्काळी. त्यांच्या अडचणी निराळ्या असणार आणि त्या आधीच कळलेल्या बऱ्या.

तोवर रुग्णालयांना एक गोष्ट विनाखर्च करता येईल. रुग्णाला सोडताना दिल्या जाणाऱ्या कागदावर औषधांच्या यादीखाली तीन प्रश्न छापावेत: संडास घरात आहे की परसात, वाटेत पायऱ्या किती, आणि दिवसा घरी कोण असते. उत्तरे नातेवाइकांनी रुग्णाला नेण्यापूर्वीच भरून घ्यावीत, म्हणजे मध्ये भोक असलेली खुर्ची आणि आधाराची चौकट मिरजेतच, एस.टी. धरण्याआधी घेता येईल.