कातकऱ्याच्या पोराची पाटी कोणी फोडली?

रा. रा. संपादक यांस,

खालील मजकुरास आपल्या पत्री जागा द्यावी. मजकूर कडू आहे. परंतु आपले वाचक ही आपलीच माणसे आहेत, आणि आपल्या माणसास कडू सांगण्यास भिऊ नये.

शेतकरी व कारागीर बंधूंनो, वीस वर्षांहून अधिक काळ मी या रत्नागिरी जिल्ह्यात मास्तरकी करीत आहे. दर साल दिवाळी सरली की माझ्या शाळेतील एक बाक रिकामा होतो. कातकरवाडीतील पोरे एके दिवशी येत नाहीत. चौकशी केली तर कळते की रात्री ट्रक आला आणि वाडी वीटभट्टीवर गेली. आता ती येणार मिरगाच्या तोंडावर!

एक पोर चौथीत होती. गुणाकार तिच्या जिभेवर नाचत असे. ती अशीच गेली ती दोन वर्षांनी परतली. कडेवर धाकटा भाऊ, हातांना विटांचे घट्टे. दारात उभी राहून म्हणाली, "गुरुजी, माजं नाव हाय का अजून?" मी पट उघडला. नावापुढे 'सतत गैरहजर' असा शेरा होता व नाव कमी केलेले होते. अक्षर माझेच. मी म्हणालो, "वयाचा दाखला आण, बापाला घेऊन ये, मग पाहू." ती गेली ती पुन्हा आली नाही.

२००९ सालचा शिक्षणहक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून मुलास प्रवेश नाकारू नये, शाळा सुटलेल्या मुलास त्याच्या वयाच्या वर्गात घ्यावे व मागे पडलेला अभ्यास करून घ्यावा, असे तो स्पष्ट सांगतो. म्हणजे त्या दिवशी कायदा पोरीच्या बाजूला उभा होता आणि मास्तर आडवा पडला होता! तो मास्तर मी. तेव्हा इतरांस बोलण्याआधी माझे माप मी माझ्या पदरात घालून घेतो.

आता तुमच्याकडे वळतो.

मजकडे येऊन लोक म्हणतात, "मास्तर, कातकऱ्याचे पोर काय शिकणार? त्यांस शिक्षणाची आवडच नाही." हे वाक्य कोठे ऐकल्यासारखे वाटते का? शेकडो वर्षे तुमच्या आजा-पणजाविषयी हेच बोलले जात होते. कुणब्याने नांगर धरावा, सुताराने वाकस धरावा, अक्षर हे त्याचे काम नव्हे! १८८२ साली हंटर कमिशनपुढे जोतीराव फुल्यांनी विचारले की, रयतेच्या घामाचा पैसा वरच्यांच्या शिक्षणावर का खर्चता? ती फिर्याद जिंकता जिंकता आपण दोन पायऱ्या चढलो. आणि चढताच खालच्या पायरीवरील माणसास तेच शब्द ऐकवू लागलो. सुनेने सासुरवास भोगावा आणि सासू होताच तोच चालवावा, त्यातली ही गत.

खोताचा जुलूम या जिल्ह्यास सांगावयास नको. १९३७ साली डॉ. आंबेडकरांनी खोती मोडण्याचे बिल मुंबईच्या विधिमंडळात आणले, १९३८ च्या जानेवारीत हजारो शेतकरी मुंबईत मोर्चाने गेले, १९४९ साली खोती रद्द करण्याचा कायदा झाला. पुढे कुळकायद्याने कसणारास जमीन मिळाली. फार चांगले झाले. पण कातकऱ्याची झोपडी ज्या तुकड्यावर होती तो तुकडा कोणाच्या नावे लागला? त्याच्या नव्हे. कालचे कूळ आज मालक झाले आणि कातकरी होता तेथेच राहिला. गवत कापायला, लाकूड फोडायला, कवळ तोडायला तो आम्हांस हवा. मात्र त्याच्या झोपडीस घरपट्टी लागावी म्हणून संमतीची सही मागितली की आमचा हात लुळा पडतो! सरकार महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमातींस विशेष दुर्बल गणते. त्यांसारख्यांकरिता नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने घरकुलांची मोठी योजना काढली. पण घरकुल हवेत बांधता येत नाही. त्यास पायाखाली जमीन लागते.

कोणी म्हणेल, "ते टिकत नाहीत, भटकतात, त्यास आम्ही काय करावे?" ते हौसेने भटकतात काय? खैर तोडून कात काढणे हा ज्यांचा धंदा आणि त्यावरूनच ज्यांचे नाव पडले, त्यांस जंगलाच्या कायद्यांनी रानातून बाहेर काढले. पावसाळ्यात घरी दाणा नसतो, तेव्हा भट्टीवाल्याचा मुकादम उचल देतो. ती उचल फेडण्यास नवरा, बायको व पोरे सहा महिने राबतात. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली असे पुस्तकात मीच शिकवितो. ते ऐकणाऱ्या पोराचा बाप तिकडे बाकी फेडीत असतो.

आणि संशय! गावात कोंबडी नाहीशी झाली की बोट आधी कातकरवाडीकडे. १८७१ साली इंग्रजाने कायदा करून कित्येक जमातींस जन्मतःच गुन्हेगार ठरविले. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपला. पण त्याचा शाईचा डाग आमच्या जिभेवर अजून ओलाच आहे. ज्या पोराची पिशवी वर्गात पहिल्याने तपासली जाते, ते पोर शाळेत रमत नाही यात नवल ते काय?

हे दुखणे आपल्याच मुलखाचे नव्हे. सुमारे हजार वर्षांपूर्वी आपल्याच देशातून गेलेले रोमा नावाचे लोक आज युरोपभर पसरलेले आहेत. श्रीमंत, शिकलेला तो युरोप. पण तेथेही चेक देशात रोमांची पोरे मंदबुद्धींच्या शाळांत लोटली जात. अशी अठरा पोरे न्याय मागत गेली आणि २००७ साली युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने हा भेदभाव आहे असा निवाडा दिला. खोट पोरांत नव्हती, पोरांस मापणाऱ्यांत होती.

मग उपाय काय? पोर शाळेकडे येत नसेल तर शाळेने पोराकडे जावे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी डहाणूकडे कोसबाडास गुरे राखणाऱ्या आदिवासी मुलांमागे शाळाच कुरणात नेली. आणि पोर आई-बापामागे फरफटत असेल तर गावाने त्यास ठेवून घ्यावे. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यास १९२४ साली वसतिगृह काढून सर्व जातींची पोरे एका पंगतीस बसविली, ती गावोगावच्या रयतेच्या दाण्यावर. हंगामी वसतिगृहाची सोय सरकारच्या योजनेतही आहे. पण ती मागावयास गाव उठला पाहिजे.

हिशेब करू. दहा पोरे गावात ठेवली. दुपारचे जेवण शाळेत मिळते. उरलेल्या वेळेस पोरामागे पाव किलो तांदूळ धरा. रोजचे अडीच किलो, सहा महिन्यांचे साडेचारशे किलो. शंभर घरांचा गाव असेल तर घरामागे साडेचार किलो! शिमग्यास पालखी नाचविताना आपण याहून अधिक उधळतो. वाडीत मागे राहणाऱ्या एखाद्या म्हातारीस मजुरी देऊन स्वयंपाकास ठेवावे. पोरांस आपल्या बोलीत बोलणारे माणूस मिळेल. भाजी, सरपण व दिवाबत्ती पाळीने द्यावी. संध्याकाळी तास दोन तास अभ्यास मी घेईन. त्याचा पैसा नको.

आणखी दोन गोष्टी. ज्याच्या जागेत कातकऱ्याची झोपडी आहे त्याने संमतीची सही द्यावी. आणि जातीच्या दाखल्यास १९५० पूर्वीचा कागद मागतात. ज्याचा आजा शाळेत गेलाच नाही त्याने आज्याचा शाळेचा दाखला कोठून आणावा? तेथे गावाच्या जाणत्या माणसांनी कचेरीत उभे राहून साक्ष द्यावी व स्थानिक चौकशी करून घ्यावी.

बंधूंनो, आपणांस कोणी वर घेतले नाही म्हणून आपण रडलो, भांडलो, ते योग्यच केले. आता आपल्या दारात कोणी उभे आहे. "माजं नाव हाय का अजून?" असे ती पोर विचारीत आहे. या दिवाळीपूर्वी ट्रक येण्याच्या आत गावाने सभा भरवून उत्तर द्यावे. मी माझे उत्तर एकदा चुकलो आहे. तुम्ही चुकू नका. कळावे, लोभ असावा.

आपला,
रत्नागिरी जिल्ह्यातील एक शाळामास्तर