छोट्यांची पंगत, मोठ्यांचा हिशेब



पूर्वी मुलाचा वाढदिवस म्हणजे आईने औक्षण करायचे, वाटीभर शिरा करायचा आणि शेजारच्या चार पोरांच्या हातावर ठेवायचा. आता तालुक्याच्या गावी तर राहोच, वाडीवस्तीवरही वाढदिवसाला तीस-चाळीस मुले जमतात. केक शहरातून येतो, वेफर्सची पाकिटे दुकानातून येतात आणि पैसा गावाबाहेर जातो. तेव्हा तीस मुलांचा ताजा, घरगुती खाऊ करून देण्याचे काम गावातल्याच दोघी-तिघींनी घेतले तर? धंदा चांगला आहे. शेतीच्या कामांत बसतो, भांडवल थोडे लागते. पण या धंद्यात ज्या भगिनी थकून बसल्या, त्या चवीत कमी पडल्या नव्हत्या. त्या हिशेबात कमी पडल्या. म्हणून आज पाककृतीपेक्षा हिशेबावरच अधिक बोलू.

मागणी केव्हा असते?

वाढदिवस बारा महिने असतात. शिवाय बारसे, उष्टावण, नवरात्रातल्या भोंडल्याची खिरापत, शाळेतली २६ जानेवारी आणि १५ ऑगस्ट, १४ नोव्हेंबरचा बालदिन हे ठरलेले प्रसंग. शेतकरी घराला सर्वांत सोयीचा प्रसंग मात्र बोरन्हाणाचा. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघर लहानग्यांची बोरन्हाणे होतात. लागणारी बोरे, उसाचे करवे, ओला हरभरा, शेंगा हे सारे त्या दिवसांत आपल्याच रानात असते. शहरातल्या बायका यासाठी बाजारात वणवण करतात. बोरे, करवे, चुरमुरे, तिळाच्या रेवड्या, बत्तासे आणि हलव्याचे दागिने अशी तयार टोपली आणि सोबत मुलांचा खाऊ असे दोन्ही तुम्ही पुरवले, तर एका घरची ऑर्डर दहा घरी सांगितली जाते.

ताटात काय द्यावे?

मुलांच्या ताटात पदार्थ तीन किंवा चार पुरेत. एक तिखटमिठाचा, एक गोड, एक फळ आणि एक पेय. बिनमिरचीचा लहान बटाटेवडा, इडली, कोथिंबीर वडी किंवा तळहाताएवढे थालीपीठ यांपैकी एक घ्यावा. गोडात शिरा, गूळपापडी किंवा नाचणीचा लाडू. पेयात मठ्ठा, कोकम सरबत किंवा उन्हाळ्यात पन्हे. प्रत्येक नग मोठ्यांच्या निम्म्या आकाराचा करावा. मूल अर्धे खाऊन टाकते, त्यात आपला माल वाया जातो आणि यजमानालाही वाईट वाटते. रंगासाठी बाजारातली सुटी पूड वापरू नका. बिटाचा रस आणि हळद यांवर भागते.

आता खरा हिशेब

मागे एका गावात दोघी जावांनी हे काम सुरू केले होते. दूध, दही, तूप घरचे. ताटामागे ५० रुपये घेत. तीस ताटांचे १,५०० रुपये हाती आले की किराणा आणि इतर रोख खर्च वजा जाता जवळजवळ ५०० रुपये उरत. दोघी खूश होत्या. कागद-पेन्सिल घेऊन बसलो तेव्हा चित्र वेगळे निघाले. तीस मुलांचे ताट असे होते : प्रत्येकी दोन लहान वडे, वाटीभर शिरा, एक केळे, पेलाभर मठ्ठा. भाव तुमच्या बाजाराप्रमाणे बदलून घ्या, रीत मात्र हीच ठेवा.

वडे : बटाटे ३ किलो ९० रुपये, बेसन १ किलो १०० रुपये, तेल १५० रुपये, मिरची-कोथिंबीर-मसाला ६० रुपये. एकूण ४०० रुपये.
शिरा : रवा पाऊण किलो ३५ रुपये, साखर पाऊण किलो ३५ रुपये, तूप ३०० ग्रॅम १८० रुपये, दूध १ लिटर ५० रुपये. एकूण ३०० रुपये.
मठ्ठा : दही २ किलो १६० रुपये.
केळी अडीच डझन : १०० रुपये.
पत्रावळी, द्रोण, पेले : १५० रुपये.
गॅस : १५० रुपये.
नेण्या-आणण्याचे भाडे : १५० रुपये.

बेरीज झाली १,४१० रुपये. यात तूप, दूध आणि दही मिळून ३९० रुपयांचा माल घरचा. जावांनी तो फुकट धरला होता. पण तेच दूध डेअरीत घातले असते तर पैसे आलेच असते ना? घरच्या मालालाही बाजारभाव लावलाच पाहिजे. तो लावल्यावर १,५०० मधून उरतात ९० रुपये. दोघींनी प्रत्येकी पाच तास, म्हणजे एकूण दहा तास काम केले. तासाला ९ रुपये पडले! याहून दुसऱ्याच्या शेतात खुरपायला गेले तर कितीतरी अधिक मिळतात.

म्हणून त्या १,४१० मध्ये पुढच्या तीन रकमा मिळवायच्या. पहिली मजुरी. तुमच्या भागात खुरपणीचा जो रोज असेल त्याला आठाने भागा. येथे तासाला ५० रुपये धरले तर दहा तासांचे ५००. दुसरी भांड्यांची झीज व नासधूस, १९० रुपये. झाले २,१००. तिसरी नफा. धंदा वाढवायचा, नवे पातेले घ्यायचे, तर पैसा यातूनच येणार. तो ३०० धरला की २,४०० रुपये. ताटामागे ८० रुपये झाले.

‘ऐंशी सांगितले तर गिऱ्हाईक तुटेल’ अशी भीती वाटते. त्यावर उपाय भाव पाडण्याचा नाही, ताट बदलण्याचा आहे. तुपाच्या शिऱ्याऐवजी गूळ घालून केलेला नाचणीचा लाडू ठेवा, मठ्ठ्याऐवजी कोकम सरबत ठेवा. खर्च कमी करून भाव कमी सांगा. मजुरी मात्र कापू नका. बियाणे, खत, औषध सगळ्यांचे पैसे मोजून शेवटी स्वतःचे कष्ट विसरायची सवय शेतीने आपल्याला लावली आहे. ती सवय या धंद्यात आणू नका.

व्यवहाराची वही

प्रत्येक ऑर्डर वहीत लिहा : तारीख, वेळ, मुले किती, मोठी माणसे किती, पदार्थ, ठरलेला भाव. मोठ्यांचा प्रश्न आवर्जून विचारा. सांगताना तीस मुले सांगतात आणि प्रत्येक मुलाबरोबर आई येते. ऐनवेळी पन्नास ताटे कोठून आणणार? मोठ्यांच्या ताटाचा भाव वेगळा ठरवा. निम्मी रक्कम आगाऊ घ्या, किराणा त्यातूनच भरा. भावकीत पैसे मागणे जड जाते हे खरे. नात्यातल्या मुलाला आहेर करायचा तो जरूर करा, पण तो आपल्या पाकिटातून करा, धंद्याच्या वहीतून नको.

सुरुवातीला कर्ज काढून भांडी घेऊ नका. देवस्थानाची किंवा मंडळाची मोठी पातेली भाड्याने मिळतात. दहा ऑर्डरी पार पडल्या की कशाची गरज आहे ते आपोआप कळते. बचत गटात असाल तर त्या वेळी गटातून छोटे कर्ज घ्यावे.

मुलांच्या जिवाशी खेळ नको

मोठ्या माणसाचे पोट बिघडले तर दोन दिवसांत सावरते. लहान मूल जुलाब-उलट्यांनी लवकर सुकते. त्यामुळे पुढील गोष्टींत कसूर चालणार नाही.

ज्या बाईच्या हाताला जखम किंवा गळू आहे, तिने त्या दिवशी अन्नाला हात लावू नये. त्या जखमेतले जंतू अन्नात विष तयार करतात, आणि नंतर अन्न उकळले तरी ते विष जात नाही. जुलाब होत असतील तर तिनेही घरी राहावे.

शिजवलेले अन्न दोन तासांच्या आत मुलांच्या पुढे गेले पाहिजे. गरम पदार्थ चटका बसेल इतके गरम ठेवा आणि मठ्ठा बर्फाच्या पेटीत न्या. कोमट अन्नात जंतू सर्वांत वेगाने वाढतात. वडे शक्यतो तेथेच तळा. काळे पडलेले तेल पुन्हा वापरू नका.

पाच वर्षांखालील मुलांना अख्खे शेंगदाणे, हरभऱ्याचे दाणे, कडक गोळ्या देऊ नका. घशात अडकून जीव गेल्याची उदाहरणे आहेत. त्यांच्यासाठी दाण्याचे बारीक कूट चालते. बोरन्हाणात मुलांनी गोळा केलेला खाऊ आधी आईच्या हाती द्यावा, हे यजमानांना तुम्हीच सांगा. कोणा मुलाला दाणे किंवा दूध सोसत नाही का, हेही आधी विचारून घ्या.

वडे वर्तमानपत्रात बांधू नका, छपाईची शाई अन्नाला लागते. थर्माकोल आणि प्लास्टिकच्या ताटल्यांवर आपल्या राज्यात २०१८ पासून बंदी आहे. पळसाच्या पत्रावळी उत्तम, आणि त्या लावण्याचे कामही गावातल्याच एखाद्या म्हातारीला मिळते.

दोन कायद्याच्या गोष्टी

अन्न सुरक्षा व मानदे कायदा, २००६ प्रमाणे घरून अन्न विकणाऱ्या लहान व्यावसायिकालाही नोंदणी करावी लागते. फोटो आणि ओळखपत्र घेऊन सामान्य सुविधा केंद्रात अर्ज भरता येतो. चौदा आकडी नोंदणी क्रमांक मिळतो. तो बिलावर छापला की शाळा व शहरातली गिऱ्हाइके विश्वासाने येतात. दुसरे म्हणजे घरातला १४.२ किलोचा सिलिंडर धंद्याला वापरणे नियमात बसत नाही. व्यवसायासाठी १९ किलोचा वेगळा मिळतो. तो महाग पडतो, म्हणूनच वरच्या हिशेबात गॅसची रक्कम लिहिली आहे.

भगिनींनो, नव्या वाणाचे बियाणे आपण एकदम सगळ्या रानात पेरत नाही. दोन गुंठ्यांत लावून पाहतो. तसेच येथे करा. पहिली ऑर्डर वीस मुलांची घ्या, ती झाल्यावर रात्रीच वही उघडा, घरच्या दुधापासून स्वतःच्या तासांपर्यंत सगळे लिहा. मजुरी सुटून चार पैसे वर उरले, तर पुढची ऑर्डर तीसची घ्या. उरले नाहीत, तर ताट बदला किंवा भाव बदला. वही लपवून मात्र ठेवू नका. घरच्या कारभाऱ्यालाही दाखवा, म्हणजे ‘बायका वेळ घालवायला काहीतरी करतात’ असे म्हणायची त्याची सोय राहणार नाही.

पुढील अंकी : घरच्या हळदीची पूड करून विकताना.