चक्क्याचा चीजकेक आणि एक जून

‘चीजकेक’ म्हटले की माझ्या वयाच्या माणसांच्या कपाळाला आठ्या पडतात. चीज हे खारट, त्याचा कसला केक? नातवंडांना मात्र वाढदिवसाला तोच हवा असतो. मग श्रीखंड-पुरी सोडून हे परके खूळ घरात शिरले, अशी कुरकुर सुरू होते. ही कुरकुर मला पटत नाही.

या केकला लागणारे क्रीम चीज अमेरिकेत १८७० च्या दशकात निघाले. पण कल्पना फार जुनी. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात केटो या रोमन गृहस्थाने शेतीवरच्या ग्रंथात चीज, पीठ, अंडे आणि मध यांच्या भाजलेल्या गोड पदार्थाची कृती दिली आहे. ओडिशाचा छेना पोडा याच कुळातला. आणि आपला चक्का काय वेगळा आहे? अर्धा किलो चक्का, चारशे ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क आणि दोन चमचे कॉर्नफ्लॉवर एकजीव करावे. बिस्किटांचा चुरा लोण्यात कालवून तळाशी थापावा, त्यावर हे मिश्रण ओतावे आणि पाण्याच्या ताटलीत भांडे ठेवून मंद आचेवर भाजावे.

कृती एवढीच, खरी कसोटी धीराची. दही रात्रभर टांगायचे. भाजून झाल्यावर केक ओव्हनमध्येच निवू द्यायचा, घाई केली की भेग पडते. पुन्हा एक रात्र फ्रिजमध्ये. म्हणजे रविवारच्या वाढदिवसाची सुरुवात शुक्रवारी रात्री. मी बँकेतला माणूस, मला हा प्रकार मुदत ठेवीसारखा वाटतो. मुदतीआधी मोडली की नुकसान ठरलेले. विकतच्या केकमध्ये काही वाईट नाही. नोकरी करणाऱ्या घरांना तो सोयीचाच. पण कुणीतरी दोन दिवस आधीपासून आपला विचार करत होते, हे मुलाला घरच्या केकमधूनच कळते.

मात्र हे ‘कुणीतरी’ कोण? बहुतेक घरांत एक बाईच. तिच्या वाढदिवसाचे काय?

बँकेत अर्ज तपासताना जन्मतारखेच्या रकान्यात ‘१ जून’ इतक्यांदा दिसे की हसू यायचे. शाळा जूनमध्ये उघडत, गुरुजी प्रवेशाच्या वेळी तीच तारीख लिहून टाकत. शाळेत न गेलेल्या बायकांना तेवढेही मिळाले नाही. ‘पानशेत फुटले तेव्हा मी चालायला लागले होते,’ असा त्यांचा हिशेब. त्यावरून १९६० च्या आसपासचे साल लिहायचे. माझ्या आईची जन्मतारीखही आमच्या घरात कुणाला ठाऊक नव्हती. आम्हा चार भावंडांच्या वाढदिवसांना तिने चक्का टांगला, औक्षण केले. तिला ओवाळण्याचा दिवस पंचांगातही नव्हता आणि कॅलेंडरातही नव्हता.

म्हणून माझे म्हणणे साधे आहे. केक घरी करायचाच, तर पहिला तिच्यासाठी करा. तारीख माहीत नसेल तर तिलाच विचारून एखादी ठरवा. एक जूनही चालेल. दही टांगण्यापासून भांडी घासण्यापर्यंत सगळे घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी करावे. तिला फक्त पाटावर बसवावे. केकला भेग पडली तर वर आंब्याच्या फोडी पसराव्यात, जूनमध्ये त्या मिळतात. ‘अगं, साखर कुठे ठेवली आहेस?’ असे मात्र त्या दिवशी विचारू नये.