आमच्या चार ओळींवर दिल्लीचा अभ्यास

गडचिरोलीत भामरागडकडे रात्री एखाद्या आदिवासीचा खून झाला की त्याची बातमी कशी तयार होते, ते आधी सांगतो. सकाळी गावातून कुणाचा तरी फोन येतो. तो बहुधा अर्धाच होतो, कारण रेंज टेकाडावर गेल्याशिवाय मिळत नाही. दुपारी पोलिसांची प्रेसनोट व्हॉट्सअॅपवर पडते. मृतदेहाजवळ पत्रक सापडले असेल तर त्याचा फोटोही येतो. पत्रकात मेलेला माणूस ‘पोलिसांचा खबऱ्या’ असतो, प्रेसनोटमध्ये ‘निरपराध आदिवासी’. दोन्ही घेऊन मी चार ओळी करतो आणि पान लागायच्या आत नागपूरला पाठवतो. तो रस्त्याच्या कामावर मुकादम होता का, जमिनीवरून भावकीत काही चालू होते का, त्याच्या मागे बायकापोरे गावात राहिली की तालुक्याला पळाली, हे त्या चार ओळींत बसत नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी बातमी असते.

त्या चार ओळी मात्र लांबचा प्रवास करतात. दिल्लीतली इन्स्टिट्यूट फॉर कॉन्फ्लिक्ट मॅनेजमेंट ही संस्था ‘साउथ एशिया टेररिझम पोर्टल’ चालवते. तिथे वृत्तपत्रांतल्या बातम्यांवरून प्रत्येक घटनेची नोंद होते. नागरिक किती, जवान किती, नक्षलवादी किती, असे रकाने असतात. काम चिकाटीचे आहे आणि ते कोणीतरी करते आहे हे बरेच आहे. पण याच रकान्यांवर देशातले आणि परदेशातले धोरण-अभ्यासक आलेख काढतात, आलेखांवरून शिफारशी करतात. मग वर्षअखेरीला संपादक माझ्याकडे ‘नक्षलवाद किती घटला’ असा लेख मागतात, तेव्हा मीही तेच आकडे उतरवून घेतो. माझीच बातमी दिल्लीचा शिक्का घेऊन माझ्याकडे परत येते, आणि वाचकाला वाटते, दोन स्वतंत्र पुरावे मिळाले.

हा नुसता वाचनालयातला घोळ असता तर लिहिले नसते. एप्रिल 2018 मध्ये बोरिया-कसनासूर आणि आसपासच्या चकमकींत 40 नक्षलवादी मारले गेले. ‘कंबरडे मोडले’ हे आमच्या धंद्यातले ठरलेले शीर्षक तेव्हा सगळीकडे झळकले. अभ्यासकांचे आलेखही तेच सांगत होते. पुढच्याच वर्षी, 1 मे 2019 ला, ऐन महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळ नक्षल्यांनी भूसुरुंगाने पोलिसांना नेणारे खासगी वाहन उडवले. 15 पोलीस आणि वाहनचालक गेले. मेलेल्यांची बेरीज कोणाची किती माणसे गेली ते सांगते. रस्त्याखाली स्फोटके पुरली जात असताना गावाने तोंड का उघडले नाही, हे तिला विचारून उपयोग नाही.

ते कळायला दुसरी वही उघडावी लागते. तेंदूची. उन्हाळ्यात आमच्याकडे गावेच्या गावे पहाटे जंगलात असतात. दुपारी अंगणात पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी खरेदीच्या फळीवर मोजून द्यायचे. ऐंशीच्या दशकात नक्षल्यांचे दलम इथे आले ते या पुड्याचा भाव वाढवून मागत. लोकांत त्यांचा पाय रोवला गेला तो तिथे, आणि पुढे त्यांची तिजोरी भरली तीही तेंदूच्या ठेकेदारांकडून. पेसा आणि वनहक्क कायद्यामुळे आता अनेक ग्रामसभा स्वतः लिलाव करतात. म्हणजे कोणत्या वर्षी कोणत्या गावाला किती भाव मिळाला, ठेकेदाराने किती बुडवले, याची नोंद गावाच्या रजिस्टरात आहे. ती हिंसेच्या नोंदींशेजारी ठेवून पाहिलेला धोरण-अहवाल निदान माझ्या हाती आलेला नाही.

बाहेरचे अभ्यासक येतात तेव्हा बऱ्याचदा मी दुभाषा म्हणून सोबत जातो. एकदा एटापल्लीच्या पुढे एका गावात प्रश्नावलीतला प्रश्न मला माडियात विचारायचा होता: तुम्हाला जास्त भीती कोणाची, पोलिसांची की नक्षल्यांची? पोलीस पाटील शेजारच्याच बाजेवर बसलेले. बाईने एकवार त्यांच्याकडे पाहिले आणि मलाच विचारले, “भाऊ, तेंदूचा बोनस केव्हा भेटेल, ते यायले माहीत आहे का?” प्रश्नावलीत तिच्या नावापुढे ‘उत्तर नाही’ अशी खूण झाली. माझ्या मते त्या दिवसातले सगळ्यात सरळ उत्तर तेच होते.

चांगले काम झालेच नाही असे नाही. नियोजन आयोगाने नेमलेल्या डी. बंदोपाध्याय गटाचा 2008 चा अहवाल अजूनही वाचण्याजोगा आहे. त्यात अजित डोवाल, प्रकाश सिंह यांच्यासारखे पोलीस अधिकारी होते आणि मानवी हक्क कार्यकर्ते के. बालगोपाल, माजी सनदी अधिकारी एस. आर. शंकरन हेही होते. आपले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात होते. एरवी एका व्यासपीठावर दिसणार नाहीत अशी ही माणसे एकत्र बसली आणि जमीन, जंगल, विस्थापन, प्रशासनाची वागणूक यांवर बोट ठेवून उठली. तो अहवाल नंतर कपाटात गेला. पोलिसांच्या सी-60 पथकाच्या कारवायांवर मात्र लेखांचा पाऊस पडला.

ऑक्टोबर 2025 मध्ये माओवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने 60 साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे ठेवली. केंद्राच्या अतिबाधित यादीत तेव्हा उरलेले तिन्ही जिल्हे छत्तीसगडचे होते. आम्ही त्यातून बाहेर. आनंदच आहे, मी या जिल्ह्यात राहतो. ‘गडचिरोली मॉडेल’वर पुस्तके येतील. त्याआधी सरकारने दोन गोष्टी कराव्यात. चकमक झाली की उपविभागीय दंडाधिकारी चौकशीसाठी पेपरात जाहीर सूचना देतात: माहिती असणाऱ्यांनी अमुक मुदतीत कार्यालयात येऊन निवेदन द्यावे. भामरागडच्या आतल्या गावातला माणूस तो पेपर केव्हा वाचणार आणि एसटीने केव्हा पोचणार? तरीही त्या चौकशांची जी कागदपत्रे जमली आहेत ती अभ्यासकांसाठी खुली करा. आणि शरण आलेल्यांशी, तसेच ज्यांच्या घरचे ‘खबऱ्या’ म्हणून मारले गेले त्यांच्याशी, पोलीस खोलीत नसताना बोलण्याची परवानगी द्या.

बोलायला दिल्लीहून कोणी यायची गरज नाही. गोंडवाना विद्यापीठ 2011 पासून गडचिरोलीतच आहे आणि माडिया, गोंडी घरात बोलणारी मुले तिथे शिकतात. त्यांना मानधन द्या, रेकॉर्डर द्या, दोन वर्षे द्या. फक्त सुरुवात उन्हाळ्याआधी करा. तेंदू सुरू झाला की गावात कोणी भेटत नाही.